अकरा मिनिटांची बिस्किटं

आई, काल मी घरी बिस्किटं केली आणि त्या भानगडीत एका आठ वर्षांच्या मुलीला रडवलं. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुझ्यावर रागवायची माझी सवयही मोडली होती. काल दुपारपासून मात्र मी पुन्हा तुझ्यावर चिडलेली आहे, आणि चिडून सांगायला दुसरं कुणी नाही म्हणून तुलाच लिहायला बसले आहे. ह्यांना सांगितलं तर ते म्हणतील, जाऊ दे, लहान आहे, विसरेल. लहान मुलं काय काय विसरत नाहीत ते त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

मुलगी म्हणजे माझी नात, तुझ्या नातवाची मुलगी. तू तिला पाहिलेलं नाहीस. ती पुण्यात राहते आणि मे महिन्यात दहा दिवस आमच्याकडे येते. गुणी आहे, पण पाहुण्यासारखी गुणी. पाणी हवं असेल तरी विचारून घेते. जेवण झालं की ताट उचलून ठेवते आणि खोलीत जाऊन टॅबवर काहीतरी बघत बसते. इथल्या उन्हात तिला बाहेर तरी कुठं नेणार? पहिले चार दिवस मी तिच्यामागे पन्ह्याचे पेले घेऊन फिरले. "नको आजी, थँक्यू," असं ती इतकं गोड म्हणायची की मला रडू यायचं. माझी बहीण करमाडला राहते, तिची नातवंडं तिच्या अंगाखांद्यावर लोळतात, तिच्याशी भांडतात. माझ्याशी कुणी भांडतसुद्धा नाही. मला एवढंच हवं होतं की जाताना तिनं एकदा म्हणावं, मला अजून राहायचंय.

आणि काल सकाळी ती आपणहून स्वयंपाकघरात आली. हातात एक खोकं. म्हणाली, "आजी, आपण कुकीज करूया? बाबांनी दिलंय. तुझ्यासाठी एगलेस शोधून आणलंय." मी खोकं हातात घेतलं आणि आधी हिरवा ठिपका बघितला. मुलानं मुद्दाम शोधून आणलंय, नात तोंडानं सांगते आहे, तरी मी ठिपका बघितला. ही तुझी देणगी. तिनं ते पाहिलं.

तुला हे खोकं कळायचं नाही. त्यात मैदा, साखर, कोको, सोडा असं सगळं आधीच मिसळून ठेवलेलं असतं. आपण फक्त बटर आणि चार चमचे दूध घालायचं, गोळे करायचे आणि ओव्हनमध्ये अकरा मिनिटं ठेवायचे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की हे अगदी सोपं आहे, लहान मुलंही करू शकतात. ते वाचूनच माझं डोकं फिरलं. मी पस्तीस वर्षं घर आणि नोकरी दोन्ही सांभाळलं, पुरणपोळी करते, अनारसे करते, माझा एकही अनारसा आजवर तुपात विरघळलेला नाही. मला कोण सोपं शिकवतंय? पण तिच्यासमोर हसले आणि म्हटलं, करूया की.

ओव्हन मुलानंच तीन वर्षांपूर्वी आणून दिला होता. आतापर्यंत मी त्यात रिकाम्या बरण्या ठेवत होते. बरण्या काढल्या, जाळी घासली. कालच नेमका नळाला पाणी यायचा दिवस होता, त्यामुळे माझा अर्धा जीव मोटारीकडे होता. ह्यांना टाकीपाशी उभं केलं आणि आम्ही दोघी कामाला लागलो. बटर नव्हतं. मी म्हटलं, तूप आहे, घरचं आहे, घालते दोन पळ्या. ती म्हणाली, "आजी, ऐंशी ग्रॅम लिहिलंय." मग वजनकाटा शोधला. मी हातानं दूध घालायला गेले तर तिनं चमचा पुढे केला. तिचं बरोबर होतं, आणि मला ते मनातून आवडत नव्हतं. पण तिचे केस पिठानं माखले होते, ती माझ्या कोपराला टेकून उभी होती आणि पाच दिवसांत पहिल्यांदा बडबडत होती. शाळेतल्या मैत्रिणीनं खाल्लेला खडू, तिच्या बाईंचं लग्न, असलं सगळं. मध्येच तिच्या आईचा, म्हणजे माझ्या सुनेचा, फोन येऊन गेला. "झाल्या की फोटो पाठवा हं आई." मी म्हटलं, पाठवते, त्यात काय. माझ्या गळ्यात त्या क्षणी हार घातला असता तरी मी नाही म्हटलं नसतं.

गोळे ट्रेमध्ये मांडताना मी सवयीनं पहिल्या गोळ्यावर बोटानं एक खळगा केला. "हे काय?" तिनं विचारलं. मी सांगितलं, आमच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हते. दिवाळीच्या आधी आम्ही घरचं सामान घेऊन भट्टीवर जायचो आणि तिथून बिस्किटं भाजून आणायचो. आपला ट्रे ओळखू यावा म्हणून माझी आई असा खळगा करायची. तिला ते फार आवडलं. म्हणाली, "मग पुढे?" मी म्हटलं, पुढे काही नाही, घरी आणायचो आणि खायचो.

पुढे काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. मी नऊ वर्षांची आहे. आपण शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या भट्टीवर आलो आहोत. बाबांनी सायकलला अडकवून आणलेला तेलाचा मोठा डबा तुझ्या पायाशी आहे, त्यात मैदा, रवा, पिठीसाखर, आणि वरच्या कडीच्या डब्यात तूप. बाबा डबा उतरवून कचेरीत निघून गेलेत. बाकावर आणखी चारजणी बसल्यात, सगळ्या आपल्याच गल्लीतल्या, प्रत्येकीच्या पायाशी डबा. तू मला म्हणतेस, "इथंच बैस. कुठं हात लावू नको." तू मात्र बसत नाहीस. लाकडी टेबलावर आपलं पीठ मळलं जातंय तिथं तू पदर खोचून उभी आहेस, कारण आपलं तूप दुसऱ्याच्या पिठात जाऊ नये आणि दुसऱ्याचा डालडा आपल्यात येऊ नये. भट्टीवाले चाचा हसतात. त्यांची दाढी मैद्यानं पांढरी झाली आहे की मुळातच पांढरी, हे मला कधी कळलं नाही. "देखो भाभी, अच्छे से देखो," ते म्हणतात, "मैदा तुम्हारा, घी तुम्हारा, शक्कर तुम्हारी. मेरी तो खाली आग है."

तीन तास लागायचे. वासानं मी बाकावर चुळबुळत बसायची. आणि त्या वर्षी आपला पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा चाचांनी लांब फावड्यानं तो कट्ट्यावर ओढला, खळग्याचं बिस्किट उचललं, दोन बोटांवर फुंकर घातली आणि माझ्या हातावर ठेवलं. गरम होतं. मऊ होतं, बोटांत दबत होतं. मी ते तोंडापाशी नेलं आणि तू माझ्या मनगटावर फटका मारलास. बिस्किट खाली पडलं. सगळ्या बाया बघायला लागल्या. चाचा म्हणाले, "अरे भाभी, बच्ची है, आपकाच तो माल है." तू म्हणालीस, "देवाला दाखवायचंय अजून. नैवेद्य व्हायचाय."

आई, आपल्याकडे भट्टीची बिस्किटं कधीच देवापुढे जात नव्हती. ती स्वयंपाकघरातसुद्धा येत नव्हती. बाहेरच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या खणात तो डबा असायचा. नैवेद्याला घरचे लाडू असायचे. हे मला नऊ वर्षांची असूनही माहीत होतं. चाचा खात्री करून घ्यायला माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "हौ क्या बेटा?" मी मान हलवली. होकाराची. तेव्हा ते म्हणाले, "माफ करो भाभी, मेरेकू मालूम नहीं था." खाली पडलेलं बिस्किट त्यांनी उचललं, झटकलं आणि चिमण्यांसाठी खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. त्यांनी तुझी माफी मागितली. मनगटापेक्षा मला ते जास्त लागलं.

त्यांच्या आगीत भाजलेलं तुला चालत होतं, त्यांच्या हातातून दिलेलं चालत नव्हतं. त्या डब्यातली बिस्किटं तू संक्रांतीपर्यंत चहात बुडवून खात होतीस. कॉलेजात असताना एकदा मी तुला हे तोंडावर विचारलं होतं, आठवतं? तू भाजी निवडत होतीस. मी म्हटलं, नैवेद्य कुठला गं, थाप मारली होतीस ना? तू वर न बघता म्हणालीस, "तुला काय कळतंय? चारजणी बसल्या होत्या तिथं." एवढंच. म्हणजे तुला विटाळाचीसुद्धा भीती नव्हती, त्या चारजणींची होती. मला वाटलं होतं तू भांडशील, सोवळंओवळं सांगशील, मग मी तुला हरवेन. पण तू मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिलीस. नंतर कधी तू चाचांकडे त्याबद्दल एक शब्दही बोलली नाहीस. दरवर्षी दिवाळीला त्याच भट्टीवर जात राहिलीस आणि ते दरवर्षी तुला बाकावर जागा करून देत राहिले. मी तेव्हा ठरवलं होतं, मी अशी होणार नाही. फार सोपं वाटलं होतं ते ठरवणं.

तर काल. अकरा मिनिटं झाली, ओव्हनची घंटी वाजली. नातीनं टाळ्या वाजवल्या. मी ट्रे बाहेर काढला. कुकीज मऊ होत्या, आई. बोट लावलं तर आत जात होतं. मी आयुष्यात भट्टीची बिस्किटं खाल्ली ती संध्याकाळी घरी आणून, डब्यातली, गार झालेली, दाताखाली वाजणारी. मऊ बिस्किट म्हणजे मला कच्चंच वाटणार. एवढ्यात तिनं चमच्यानं एक कुकी उचलली आणि फुंकर घालायला लागली, आणि माझा हात गेला. तिच्या मनगटावर. कुकी फरशीवर पडून पसरली. "कच्चं आहे ते! पोटात दुखेल!" मी ओरडले. माझा आवाज इतका मोठा होता की टाकीपाशी उभे असलेले हे आत डोकावून गेले.

ती रडली नाही. खोकं घेऊन आली आणि त्यावर बोट ठेवून मला दाखवायला लागली. "आजी, इथे लिहिलंय. बाहेर काढल्यावर मऊ असतात. दहा मिनिटं गार झाल्यावर कडक होतात." चष्मा नव्हता म्हणून मी वाचलं नाही, असं मी स्वतःला काल दिवसभर सांगितलं. चष्मा डोक्यावर होता. मी म्हटलं, "खोक्याला काय कळतंय? मी काय आज बिस्किटं बघतेय?" आणि ट्रे परत आत सरकवला, आणि पंधरा मिनिटं लावली. ती स्टुलावर बसून काचेतून बघत राहिली. सहाव्या-सातव्या मिनिटाला करपल्याचा वास यायला लागला होता. मला आला होता. तेव्हा बंद करता आलं असतं. पण बंद केलं म्हणजे तिचं खरं झालं असतं, म्हणून मी ओट्यावरचं आधीच स्वच्छ असलेलं पातेलं घासत उभी राहिले.

बाहेर काढल्या तेव्हा त्या काळ्या ठिक्कर झाल्या होत्या. एक ताटात टाकली तर वाजली. घरभर धूर. ती हळू आवाजात म्हणाली, "मी सांगितलं होतं." तिच्या बोलण्यात तोरा नव्हता, वाईट वाटलेलं होतं. इतका वेळ मळलेलं तिचं पीठ होतं ते. आणि मी काय बोलावं? "मोठ्या माणसांना उलटं बोलायचं नसतं. हेच शिकवलंय का तुझ्या आईनं?"

मारल्यावर ती रडली नव्हती, ह्यावर रडली. आईचं नाव काढल्यावर. खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि टॅबवरून तिच्या बाबाला फोन लावला. मी दाराबाहेर उभी होते, हातात चिमटा तसाच. "मला घरी यायचंय," एवढंच ती म्हणत होती. अजून पाच दिवस राहायची होती ती. मी आत गेले. फोन स्पीकरवर होता. मुलगा म्हणाला, "आई, काय झालं गं?"

सांगायला किती शब्द लागले असते? मी म्हटलं, "अरे, तो ओव्हनच धड नाहीये. काटा काहीतरी भलताच दाखवतो. सगळ्या कुकीज करपल्या, म्हणून ती हिरमुसली आहे." माझ्या तोंडातून ते असं सहज बाहेर आलं की जणू मी पाठ करून ठेवलं होतं. मुलानं विचारलं, "खरंच का गं पिल्लू? ओव्हन खराब आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडून नाक लाल झालेलं, कपाळावर पीठ. बराच वेळ पाहिलं असं मला वाटलं, असेल दोन सेकंद. मग ती म्हणाली, "हो बाबा. ओव्हन खराब आहे. आजीनं बरोबर केलं होतं."

आजीनं बरोबर केलं होतं, हे तिला कुणी सांगायला लावलं नव्हतं. नुसतं हो म्हणाली असती तरी भागलं असतं. मी नऊ वर्षांची असताना नुसती मान हलवली होती, ती माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान आहे आणि एक वाक्य जास्त बोलली. मुलगा म्हणाला, मग नवीन ओव्हन मागवतो, काळजी करू नकोस. मी म्हटलं, बरं. तरी ती घरीच जायचं म्हणाली. ओव्हन खराब असल्यामुळे कुणी आजीचं घर सोडून जात नाही, हे त्यालाही कळलं असणार, पण त्यानं विचारलं नाही. सुनेनं फोटोबद्दल विचारलं नाही. सगळे किती समजूतदार आहेत बघ. एकजण तरी भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

रात्री ती माझ्या हातची खिचडी जेवली. ताट उचलून ठेवलं. "थँक्यू आजी," म्हणाली.

मी तुला दोष देते आहे खरा, पण काल तिथं कुठल्या चारजणी बसल्या होत्या? कुणीच नव्हतं. हे टाकीपाशी, आणि ओट्यापाशी आम्ही दोघी. मी कुणाला घाबरले? एका आठ वर्षांच्या मुलीला, जिला खोक्यावरचं वाचता येतं आणि मला येऊनही मी वाचलं नाही. तुझ्याकडे निदान गल्ली होती. माझ्याकडे तेवढं कारणही नाही. आणि हे लक्षात आल्यावर तुझ्यावरचा राग कमी व्हायला हवा होता, तर तो उलट वाढला, कारण आता तो ठेवायला दुसरी जागा नाही.

आता सकाळचे दहा वाजलेत. हे तिला खाऊ आणायला गुलमंडीत गेलेत. तिची बॅग भरून दारात ठेवलेली आहे, मुलगा पहाटेच पुण्याहून निघालाय, जेवायच्या वेळेपर्यंत पोचेल. ती बाल्कनीत बसून चित्र काढते आहे. मी हे जुन्या डायरीत लिहिते आहे आणि डायरी परत कपाटात जाईल. तुला काही कळवायचं म्हणून लिहिलं असं नाही. तिला जे सांगायचं ते आधी कुठंतरी लिहून बघावं, म्हणून बसले. ते एवढंसंच आहे. ओव्हन चांगला आहे, चूक माझी होती, आणि तुझ्या आईनं तुला छान शिकवलंय. मोजून बघितलं तर खोक्यावरच्या मजकुरापेक्षाही कमी शब्द आहेत. आणि तरी, आई, सकाळपासून मी दोनदा बाल्कनीत तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, आणि दोन्ही वेळेला पाणी हवंय का एवढंच विचारून परत आले.